फाटकापर्यंत

चाकं उघडल्याची धडधड पायाखाली जाणवली आणि थोरलीने पुन्हा एकदा पट्टा चाचपला. खिडकीतून छपरं दिसू लागली होती. विमानतळाला खेटून वस्ती आणि त्या वस्तीतच तिचं माहेर. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की फळीवरची भांडी थरथरायची. आता ती स्वतःच त्या विमानात होती आणि खाली बाबा शेवटच्या घटका मोजत होते.

सकाळी धाकट्या भावाने फोन बाबांच्या तोंडाशी धरला होता. आवाज कसला, नुसती फुंकर. पण जन्मभर बस चालवलेल्या माणसाचा हुकूम त्यातही होताच. "ये. आणि या वेळी फाटकातून परत फिरू नकोस."

तिच्या काळजात रुतलं ते. कारण ती खरंच फिरली होती. लग्नावरून बापलेकीचं बिनसलं. पुढे राग निवला तशी ती मोठ्या उमेदीने समेट करायला आली, तर बाबा खिडकीत. तिला बघितलं आणि आत वळले. हिला वाटलं, तोंड फिरवलं. लेक तरी कुणाची! फाटकाच्या कडीवरचा हात काढून घेतला आणि आल्या पावली निघून गेली. धाकट्याने फार उशिरा सांगितलं, बाबा दार उघडायलाच निघाले होते. गुडघे धड नव्हते, वेळ लागला.

जमीन अगदी हाताशी आली होती. पाण्याच्या टाक्या दिसल्या, वाळत घातलेले कपडे दिसले. तेवढ्यात इंजिनांनी एकदम गर्जना केली आणि विमान नाक वर करून उठलं. कुणीतरी किंचाळलं. छपरं खाली खाली गेली आणि ढगांनी गिळून टाकली.

थोड्या वेळाने वैमानिकाचा आवाज आला, शांत पण कोरडा. उतरायच्या वाटेवर कुणाचं तरी ड्रोन दिसलं होतं. रस्ता मोकळा असल्याची खात्री होईपर्यंत घिरट्या घालाव्या लागणार होत्या.

"एवढंसं खेळणं ते," शेजारचे आजोबा कपाळ पुसत म्हणाले, "आणि इंजिनात गेलं असतं तर आपण सगळे गेलो असतो हो."

"त्या मेल्याचे हात झडोत!" थोरली म्हणाली. मनात नाही, चांगली मोठ्याने. आजोबांनी मान डोलावली.

विमान घिरट्या घालत राहिलं. ती दर वळणाला खाली बघायची आणि म्हणायची, थांबा बाबा, आलेच. जरा थांबा.

ती पोचली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. अंगणात शेजारी मान खाली घालून उभे होते. धाकटा दारात आला. "ताई," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला. थोडक्यात चुकामूक झाली होती. थोरलीने बाबांचे गार पडलेले गुडघे मिठीत घेतले आणि पोटभर रडली.

मग शेजारी बाहेर गेले. खोलीत दोघं भावंडंच राहिली. रडून रडून धाकट्याचे डोळे सुजले होते, पण त्यात कसलंसं समाधानही होतं.

"ताई, एक बरं झालं बघ. बाबांनी तुझं विमान बघितलं."

"बघितलं? कसं?"

त्याने पलंगाखालून ड्रोन काढलं. बाबा त्याला उगाच उपद्व्यापी म्हणत नसत. "त्यांना खिडकीपाशी न्यायची सोय नव्हती. तुझं विमान कुठवर आलं ते फोनवर दिसतच होतं. म्हणून हे खिडकीतून सोडलं, उंच नेलं आणि त्याचं चित्र फोनवर त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, बाबा, ही बघा ताई आली. असे हसले गं!"

"मग?"

"मग विमान एकदम वर गेलं. दिसेनासंच झालं. बाबा म्हणाले, 'बघ. परत फिरली.' मी किती सांगितलं, अहो येतेय ती, वळसा घालून येईल. पण डोळे मिटले ते मिटलेच." त्याने नाक पुसलं. "ताई, का गं गेलं ते वर?"

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. हेच हात इतके महिने बाबांना कुशीवर वळवत होते, भरवत होते, त्यांचं सगळं करत होते. तेव्हा ती कुठे होती? आणि आज त्याच हातांना तिने तोंड भरून शाप दिला होता.

"वारा होता," ती म्हणाली. "उलटा वारा."

"तरीच." त्याने मोठा श्वास सोडला. मग हातांना काहीतरी काम हवंच, म्हणून ड्रोनची बॅटरी काढली आणि चार्जरला लावली. लाल दिवा लागला. "उद्या सकाळच्या विमानाने आत्या येतेय. तिचंही विमान उतरताना टिपून ठेवतो. बाबांना आवडलं असतं."

डोक्यावरून एक विमान उतरायला निघालं. फळीवरची भांडी थरथरली. कुणाकुणाची माणसं असतील त्यात, कोण कुणासाठी धावत येत असेल. आवाज पार विरेपर्यंत थोरली बसून राहिली. मग उठली आणि तिने चार्जर भिंतीतून उपटून काढला.

"अगं, काय झालं?" धाकट्याने विचारलं.

ती त्याच्याजवळ बसली. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घट्ट धरले.

"वारा नव्हता रे."