उद्याचा लेख

संगीतावर लिहिता लिहिता ती रेडिओवर गोष्टी सांगू लागली, नाटकंही लिहू लागली. पण काकांच्या गाण्यावर लिहावं तर तिनंच, असं सगळे म्हणत. गाण्यातून मंत्र्यांची टर उडवणारे काका आज तालमीत भलतेच रंगात आले होते. ती ऐकत बसली होती, तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"काकांवर मृत्युलेख लिही. संध्याकाळपर्यंत हवाय."

तिला हसूच फुटलं. "अहो, काहीतरीच काय! माझ्यासमोर बसून गातायत ते. चांगले ठणठणीत आहेत."

"माहितीये मला."

"मग?"

संपादकांचा आवाज एकदम खाली आला.



"आज त्यांच्या गाडीतून घरी जाऊ नकोस, पोरी."