दरडोई

बोट धुक्यात शिरली तेव्हा आई म्हणाली, "आकडे बघून चप्पलसुद्धा घेऊ नये. तू देश निवडलास."

मुलीनं हसून शाल तिच्या गळ्यापर्यंत ओढली. देशोदेशींचे आकडे ताडून बघणं हाच तिचा पेशा. दोघींच्या मायदेशाचं दरडोई उत्पन्न डोळे दिपवणारं. दवाखान्यांवर खर्च मात्र चिमूटभर. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. शस्त्रक्रियेची पाळी यायला दोन वर्षं होती आणि डॉक्टर हिवाळ्यापलीकडचं बोलत नव्हते.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," आई म्हणायची.

आणि हे बेट. एवढासा देश, बेताचं उत्पन्न. पण आरोग्यावरचा दरडोई खर्च जगात सगळ्यांत जास्त. आलेखातली त्याची रेघ दरसाल चढत होती. मुलीला ती झोपेतही दिसायची. जिन्यासारखी, वर उजेडात जाणारी.

धक्क्यावर एका बाईनं दोर झेलला. दोघींना उतरवून बोट माघारी फिरली, धुक्यात विरघळली.

कचेरीच्या खिडकीत एका बाईनं कागदांवर शिक्का मारला.

दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन एक परिचारिका उभी होती.

"सगळ्यांचं नाक एकच," आई कुजबुजली. "बहिणी-बहिणी असतील."

"हळू बोल गं."

आत पांढरे पडदे श्वास घेतल्यासारखे हलत होते. यंत्रं मंद गुणगुणत होती. धुतलेल्या चादरी. खाटा, खाटा, खाटा. सगळ्या मोकळ्या.

"बघितलंस? इथं कुणी आजारीच राहत नाही," मुलगी म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे सैल पडले.

आईला आता धाप लागली होती. परिचारिकेनं तिला अलगद निजवलं, पाठीशी उशी दिली, केस सारखे केले. हात मायेचा होता.

"डॉक्टर कधी येतील?" मुलीनं विचारलं.

परिचारिकेनं खिडकीचा पडदा ओढून धुकं बाहेर ठेवलं.

"दवाखान्याला जुन्या देणगीतून दरसाल ठरलेलाच पैसा येतो," ती म्हणाली. "आधी मी तो शंभरानं भागून दरडोई आकडा कळवायचे. मग विसानं. गेल्या साली एकानं."

तिनं आईच्या अंगावरची चादर नीट केली.

"आता तिनानं भागेन."