गाडी कुठे पोचवायची?

"तुम्ही नका सांगू. गाडी आजींच्या नावावर आहे, त्यांना सांगू द्या," नव्या गाड्यांच्या यार्डातली काउंटरवरची बाई म्हणाली आणि तिने फॉर्म आईसमोर सरकवला.

मुलगा हसला. गोड हसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "अहो मॅडम, तिला यातलं काय कळतं? लिहा, स्वतः नेणार. घरपोचचे पैसे म्हणजे फुकटचा भुर्दंड."

"मागे एका सासऱ्यांच्या नावावरची गाडी जावयाने परस्पर नेली. केवढं रामायण झालं. तेव्हापासून यार्डाचा नियम आहे, मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही लिहीत नाही."

मालक म्हणजे आपण, हे कळायला आईला जरा वेळच लागला. बाईमाणसाच्या नावावर गाडी घेतली की करात घसघशीत सूट मिळते, म्हणून मुलाने तिचं नाव लावलं होतं. सही कर म्हणाला, तिने केली. गेली चार वर्षं ती दाखवतील तिथे सहीच करत आली होती. नवरा गेला आणि 'तिकडे एकटी काय करणार' म्हणत मुलाने तिला आणलं, ते थेट सातव्या मजल्यावर. सकाळी मुलगा-सून कामाला जात. दुपारी नातवंडं शाळेतून येत. त्यांना दार उघडायला घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. कोणी तिच्याशी वाईट वागत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तक्रार तरी कशाची करणार?

धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा मात्र आईचा जीव खालीवर व्हायला लागला. धाकटी चार तासांच्या वाटेवर एकटी राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. मुलगा लहान असताना आई दुखण्याने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तीन वर्षं त्याला तिनेच सांभाळलं होतं. आता ती स्वतः अंथरुणावर होती आणि फोनवर रोज एकच विचारायची, "ताई, कधी येतेस गं? त्यालाही आण. एकदा डोळे भरून बघू दे मला."

"गाडी आली की नेतो," मुलगा म्हणायचा. हे दोन वर्षं चाललं होतं. बसने जाते म्हटलं तर, "तुझं वय आहे का बसचं? कुठे पडलीस म्हणजे?" आणि मुलांच्या शाळेचं कसं करायचं, हे सून हळूच जोडायची. सगळा कोपराला लावलेला गूळ. गेल्या आठवड्यात धाकटीचा आवाज इतका खोल गेला होता की काय म्हणालीस, असं आईला दोनदा विचारावं लागलं.

आज यार्डाकडे येताना टॅक्सीत तिने विषय काढला होता. "मग उद्या जाऊ या ना?"

"उद्या लगेच कुठे, आई?" मोबाइलमधून मान वर न काढता मुलगा म्हणाला. "आधी हिच्या माहेरी दाखवायचीय. मग ऑफिसातली मंडळी मागे लागलीयेत. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात धाकटी असेल का, हे विचारायचं आईच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. गिळायची सवय झाली होती.

"आजी?" बाईने पेन उचललं. "दोन पर्याय आहेत. इथून तुम्ही न्या, त्याचे पैसे नाहीत. नाहीतर आमचा ड्रायव्हर सांगाल त्या पत्त्यावर पोचवेल. शहरात ठरलेला दर, बाहेरगावी किलोमीटरप्रमाणे. गाडी सोडून तो बसने परत येतो."

"आम्हीच नेतो म्हण, आई. उशीर होतोय."

आईचं नेहमीचं 'हो' अगदी ओठांवर येऊन थांबलं.

"ड्रायव्हरबरोबर कुणी बसून गेलं तर चालतं?" तिने विचारलं.

"मालकाला जाता येतं. बाकी कुणाला नाही."

"मग पोचवा," आई म्हणाली आणि तिने धाकटीचा पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, डावीकडचं तिसरं घर, सगळं. गेली दोन वर्षं ती मनातल्या मनात रोज तिथे जाऊन येत होती, त्यामुळे एकही वळण चुकली नाही.

मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आई, खुळी झालीस का? पैसे किती होतील, कल्पना आहे?"

"माझ्या नावामुळे जेवढे वाचले, त्यात भागेल ना हो?" आईने बाईलाच विचारलं. बाईने आकडेमोड केली. भागत होतं, वर थोडे उरतही होते.

"आणि मुलांना दार कोण उघडणार?"

"त्यांना आईबाप आहेत," आई म्हणाली.

सही करण्याआधी तिने या वेळी सगळा कागद वाचला. मुलगा शेजारी उभा राहून नुसता 'अगं, पण' करत राहिला. बाईने शिक्का मारला आणि मग तिला काहीतरी सुचलं.

"आजी, तुम्हाला गाडी चालवता येत नाही ना? मग तिथून ती परत कोण आणणार?"

"हा येईल की," आई मुलाकडे बघत म्हणाली. "दोन वर्षं मावशीकडे यायला याला गाडी नव्हती. आता गाडी न्यायला तरी मावशीकडे येईल."