पुडीतलं लॉक

सलग दोन पाळ्या करून नर्स घरी निघाली होती. पुलावर मोटरसायकलचं इंजिन एकदम नुसतंच बोंबलायला लागलं, चाकाला ओढ म्हणून राहिली नाही. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही, हे बाबांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. तिने क्लच दाबला, गाडी हळूच कडेला घेतली आणि वाकून पाहिलं. चेन निखळून लोंबत होती. जोड धरून ठेवणाऱ्या लॉकची पत्ती उडाली होती. पत्ती उलटी बसवली की ती अशीच उडते, हेही बाबांनीच शिकवलेलं. आणि रविवारी ही चेन बसवली होती तीही बाबांनीच, चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने.

नशीब, टूलबॅगेत कागदाच्या पुडीत एक नवं लॉक सापडलं. अंगात त्राण नव्हतं, तरी तिने तिथेच फतकल मारून चेन जोडली. घरी आल्यावर हात खसाखसा धुतले, पण नखांतलं काळं काही निघेना.

"उशीर केलास गं," बाबा म्हणाले.

"पेशंट फार होते."

"आणि चेन?"

"झकास. तुमच्या हातची आहे, तिला काय धाड भरलीय!"

बाबांनी तिच्या नखांकडे पाहिलं. मग खिशातून तशीच एक पुडी काढून तिच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"ही टाक टूलबॅगेत. पहिली मीच ठेवली होती. डोळ्यांचं काही खरं नाही आता."