झीरोच्या बल्बाचा कौल

बल्ब पुन्हा मिचमिचला आणि सुलक्षणाने हात जोडले.

"बघा, परत. वन्सं काहीतरी सांगतायत."

जयवंत भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको रत्नप्रभा ज्या कोपऱ्यात वारली तिथे पीठ पसरलं होतं, आणि त्यावर दिव्याच्या जागी झीरोचा बल्ब लोंबत होता. तेलाचा दिवा पंख्याने विझायचा. पंखा बंद केला की सुतकाला जमलेल्यांना उकडायचं. तेव्हा रत्नप्रभाचा भाऊ नंदू म्हणाला, दिवा म्हणजे काय, उजेडच ना? दाराच्या मागे मीटरखाली लाकडी बोर्ड होता. तिथून त्याने वायर ओढली, बल्ब टांगला आणि आपल्या बायकोकडे, सुलक्षणाकडे बघून हसला. गणपतीच्या मांडवात दरवर्षी लायटिंग करणारा माणूस. गोरेगावात त्याला कोण शिकवणार?

कालपासून बल्ब मिचमिचत होता.

"तिचा जीव अडकलाय," नंदू म्हणाला. "भावोजी, राग मानू नका. तुम्ही आता एकटे. ही खोली तुम्हाला खायला उठेल. ताईला तेच बघवत नाहीये."

"मग काय करू?"

"गावी जा. घर आहे, आंब्याची कलमं आहेत. आमच्या माणिकचं लग्न ठरतंय, तो राहील इथे. ताईच्या जागेवर दिवाबत्ती तरी होत राहील."

"तू लावलीस तशी?"

"हो, अगदी तशी," नंदू म्हणाला. त्याला ते कौतुक वाटलं.

खोलीचा विषय निघणार हे जयवंतला माहीत होतं. दहाव्यापर्यंत तरी थांबतील, असं वाटलं होतं.

नंदूने दत्तारामला बोलावून आणलं होतं. दत्ताराम त्यांच्याच गावचा, जोगेश्वरीला राहायचा, आणि गावकऱ्यांत कुणाकडे काही अडलं की गाऱ्हाणं घालायचा. तो बाहेर जाऊन पान थुंकून आला, टोपी सारखी केली आणि बल्बासमोर उभा राहिला. देवाला फुलं लावून कौल मागतात, तसा तो बल्बाला कौल मागू लागला.

"बाय रत्नप्रभा, तुझो घोव गावाक जावचो आणि ह्या खोलयेत तुझो भाचो रवाचो, ह्या जर तुझ्या मनात आसात, तर खूण दाखव गो माये."

"होय म्हाराजा," नंदू आणि सुलक्षणा म्हणाले.

बल्ब विझला. लागला.

"दिल्यान!" दत्ताराम ओरडला. "कौल दिल्यान!"

जयवंत उठला. ट्रंकेमागून त्याने टेस्टर आणि पक्कड काढली, मेन स्विच खाली ओढला. पंखा गरगरत मंद झाला. त्याने बोर्डावरचं झाकण काढलं.

"भावोजी, आत्ता हात नका लावू. अपशकुन होईल."

"नंदू, इकडे ये. स्क्रू कशावर पिळलायस?"

"वायरवर."

"प्लॅस्टिकवर पिळलायस. तांबं बाहेर लोंबतंय. मनात आलं तर टेकतंय, नाही तर नाही." त्याने दोन बोटांत वायर धरून ओढली. ती लगेच हातात आली. टोक काळं पडलं होतं. "तुझी बहीण मरोळच्या कारखान्यात मेन स्विच जोडायची. आयुष्यभर स्क्रू पिळले तिने. तिला काही बोलायचं असतं तर ती असल्या जोडणीतून बोलली असती?"

"ते वेगळं, भावोजी. हे श्रद्धेचं आहे."

जयवंतने काळं टोक कापलं, पक्कडीने प्लॅस्टिक सोललं, तारा पिळून एक केल्या, दुमडून जाड केल्या आणि मुळापर्यंत आत सारल्या. एकही तार बाहेर राहिली नाही. मग स्क्रू पिळला, आणखी पिळला. वायर ओढून बघितली. सुटली नाही. पुन्हा ओढली. पुन्हा ओढायची काही गरज नव्हती.

मग त्याने मेन चढवला.

बल्ब लागला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. पंख्याने वेग घेतला. बल्ब मिचमिचला नाही.

आता यांना लाज वाटेल, असं जयवंतला वाटलं.

नंदूने डोळे मिटून कपाळाला हात लावला. "शांत झाली. बघितलंत ना भावोजी? तुम्ही मनावर घेतलंत, उठलात, आणि ताई शांत झाली. म्हणजे तिला मान्य आहे."

"मान्य आसा," दत्ताराम म्हणाला.

सुलक्षणाने पदराने डोळे पुसले. पुसता पुसता मोरीशेजारची भिंत बघून घेतली. "माणिकचं कपाट तिथे बसेल," ती हळूच नवऱ्याला म्हणाली.

बोर्डाचं झाकण अजून जयवंतच्या पायाशी पडलं होतं. ते त्याने लावलं नाही. टेस्टरचं टोक त्याने उघड्या स्क्रूवर टेकवलं. टेस्टरच्या आत लाल ठिपका पेटला.

"करंट आहे," तो म्हणाला. "मध्ये बल्ब कशाला हवा? बोट लाव इथे. बहिणीलाच विचार."

नंदू एक पाऊल मागे सरला.

"लाव की रे. तुझी सख्खी बहीण आहे."

नंदूने दोन्ही हात काखेत घातले.