आधी पाणी

संपाचा तिसरा दिवस होता. जर्मनीतल्या त्या कोर्टाच्या पायऱ्यांसमोर पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवली होती आणि भोवती पिवळी जाकिटं घातलेले कोर्टाचे कर्मचारी शिट्ट्या फुंकत उभे होते. त्यांत ऊर्मिला होती. शेजारी तिचे वडील, अण्णा, माकडटोपी घालून, चहाचा थर्मास पोटाशी धरून उभे होते. घरात बसून करू काय, तुझा संप तरी बघतो, असं म्हणून ते आले होते.

"तुमचे लोक फार शिस्तीत ओरडतात," अण्णा म्हणाले.

"साडेबारापर्यंतच आहे, अण्णा. मग जेवणाची सुट्टी."

"संपाला?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

अण्णा टोपीतल्या टोपीत हसले.

संपाची पुढारी हाइके लोरेन्त्स कागदी कप पुढे करत आली. ती आणि ऊर्मिला आत एकाच खोलीत बसत. चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "आलं आहे ना यात? छान. तुझे वडीलही कोर्टातच होते ना गं? रिश्टर?"

रिश्टर म्हणजे न्यायाधीश. बारा वर्षं ऊर्मिला सगळ्यांना 'वडील कोर्टात होते' एवढंच सांगत आली होती. पुढचं ज्याचं त्याने गृहीत धरलं होतं.

तिने मफलर नीट केला. "कोर्टात होते," ती म्हणाली.

लेकीकडे आल्यापासूनच्या तीन महिन्यांत अण्णांना जे दहा-बारा जर्मन शब्द कळू लागले होते, त्यांत रिश्टर होता. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. ते घट्टच होतं.

अकराच्या सुमाराला ब्रुन्स नावाचे गृहस्थ आले. त्यांच्या हातात पिवळा लिफाफा होता. त्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तातडीच्या कामांना आत किती माणसं ठेवायची, हे ठरेपर्यंत संप थांबवा, असा कामगार न्यायालयाचा आदेश आदल्या संध्याकाळी निघाला होता. तो हाइकेच्या हातात पडला की संप थांबणार होता. शिट्ट्यांचा आवाज एकदम वाढला. कोणी बाजूला सरलं नाही. ब्रुन्स पिंपाच्या पलीकडे थांबले. एरवी याच माणसांबरोबर ते कँटीनमध्ये जेवायचे.

"बेलीफ ना हा?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कागद छातीशी धरलाय बघ. स्वतःचा असता तर बगलेत मारला असता." ते थोडा वेळ बघत राहिले. "त्याला कोणी पाणी नाही विचारलं."

"अण्णा, तो आमचा संप बंद करायला आलाय."

"मग काय झालं? मी दारात गेलो की आधी पाणी मागायचो. समन्स असो, जप्ती असो. पाणी आणायला आत गेलेला माणूस परत येईपर्यंत जरा सावरतो. मग कागद द्यायचा."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुला तो विषय आवडायचा नाही," अण्णा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

मग ते माणसांमधून वाट काढत पिंपाला वळसा घालून गेले, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी ब्रुन्ससमोर धरला. झाकण गरम होतं. ते दोन्ही हातांनी घेता यावं म्हणून ब्रुन्सनी लिफाफा बगलेत धरला. शिट्ट्या एकेक करत थांबल्या. ब्रुन्सनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग लिफाफा हाइकेकडे दिला आणि म्हणाले, "माफ करा, फ्राउ लोरेन्त्स."

हाइकेने तो उभ्यानेच वाचला आणि जाकिट काढून त्याची घडी केली.

आत कामाला जाण्याआधी ऊर्मिला अण्णांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेली.

"तुझ्या लोकांसमोर मी पुढे व्हायला नको होतं का?"

"नाही, अण्णा. बरं केलंत."

तिला आणखी काही बोलायचं होतं. पण बस वेळेवर आली. अण्णांनी खिडकीतून थर्मास उंच करून दाखवला, रिकामा झाल्याची खूण म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी ऊर्मिला कामावर परतली. दुपारी ब्रुन्स आपल्या खणातले कागद घ्यायला आले, आणि ते घेऊन झाल्यावर दारापाशी घुटमळले.

"हाइकेने सांगितलं मला. वाईट वाटलं," ते म्हणाले. "तीस वर्षं कागद वाटतोय. दिलेला कागद लोकांनी तोंडावर फेकलाय, अंगावर कुत्रं सोडलंय. चहा त्यांनीच पहिल्यांदा दिला." मग त्यांनी विचारलं, "न्यायाधीश होते ना ते?"

पलीकडच्या टेबलावर हाइकेची बोटं कीबोर्डवर थांबली.

ऊर्मिला उठली. तिने बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं आणि ग्लास ब्रुन्ससमोर ठेवला. त्यांनी तो उचलेपर्यंत ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. आवाज खोलीभर ऐकू जाईल एवढा होता. "माझे वडील बेलीफ होते."