साडेपाच ते सात

चौथी बस शालनच्या गाडीला डावीकडून मागे टाकून सुसाट निघून गेली.

मध्ये फक्त गुडघ्याएवढ्या खांबांची रांग. खांबांपलीकडे बससाठी राखलेला नवा रस्ता, सारवलेल्या अंगणासारखा मोकळा. अलीकडे तीन रांगांत मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या. महादेवपुऱ्याच्या ऑफिसपासून अगऱ्याच्या घरापर्यंत बस पंचवीस मिनिटांत पोचायची, गाडीला दीड तास लागायचा. हे आता बंगळुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त आईला ठाऊक नाही, असं शालन धरून चालली होती.

तिने हँडब्रेक ओढला, केसांचा चाप काढून ठेवला आणि बेकरीतून घेतलेली तिखट मसाल्याच्या ‘काँग्रेस’ शेंगदाण्यांची पुडी फोडली. हा तिचा तास होता. दोन वर्षांपूर्वी तिची आई, सुनंदाबाई, बाथरूममध्ये घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. तेव्हापासून शालनचा दिवस शालनचा राहिला नव्हता. सकाळी आई, मग ऑफिस, सातला दिवसभर आईला सांभाळणारी गंगव्वा घरी गेली की पुन्हा आई. औषधं, कूस बदलणं, रात्री तीन-तीन हाका. आईवर तिचा जीव होता, त्यात तिळमात्र खोट नव्हती. पण दिवसातून एक तास तिला आई नको असायची. असं कुणी तोंडाने बोलतं का? बोलावं लागत नव्हतं. ‘ट्रॅफिक’ एवढं म्हटलं की या शहरात पुढे कुणी विचारत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ही बस सुरू झाली आणि पंचाईत झाली. ऑफिसातली अमृता रोज बोलवायची, चल ग माझ्याबरोबर. शालन म्हणायची, बसला फार गर्दी असते. त्याच बसने रोज खिडकीपाशी आरामात बसून जाणारी अमृता तिच्या तोंडाकडे बघतच राहायची.

मागच्या गुरुवारी तर कहर झाला. रस्ता कधी नव्हे तो मोकळा मिळाला आणि सव्वासहालाच अगरा आलं. शालनने घराजवळच्या बसस्टॉपमागे झाडाखाली गाडी लावली आणि सात वाजेपर्यंत आतच बसून राहिली. स्वतःची लाज वाटली. तरी उतरवेना.

फोन वाजला. धाकटा भाऊ यशोवर्धन. दोन दिवसांसाठी पुण्याहून आला होता.

“अक्का, अजून रस्त्यातच? अगं, मी आत्ता महादेवपुऱ्याहून त्या नव्या बसने घरी आलो. पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून! ही आई बघ, तुझ्यासाठी चहाची खोळंबलीय. थांब, तिला सांगतोच बसचं.”

“यशो, नको, ऐक...”

त्याने फोन ठेवला होता. तिने पुन्हा लावला. तो उचलेना.

पुढे पाण्याचा टँकर, मागे टेम्पो, उजवीकडे टॅक्सी, डावीकडे ते खांब. रोज हवंहवंसं वाटणारं ट्रॅफिक आज तिच्या छातीवर येऊन बसलं. आई संध्याकाळचा चहा शालन आल्याशिवाय घेत नसे. दोन महिने ती रोज तासभर कोरड्या घशाने वाट बघत राहिली आणि लेक रस्त्यावर शेंगदाणे खात बसली, हे आता तिला कळणार. शालनने तीन थापा जुळवल्या आणि तिन्ही मोडल्या. शेवटी खरं सांगायचं ठरवलं, तर तेही कुठून सुरू करावं ते सुचेना. पाचवी बस गेली. सहावी गेली.

ती पोचली तेव्हा गंगव्वा दारात चपला घालत होती.

“अम्मांनी चहा घेतला नाही, अक्का. मी स्वल्प दूध तरी घ्या म्हटलं, तर तेही नको.”

यशोवर्धन वैतागून सोफ्यावर बसला होता. “बसचं सांगितलं ग आईला. ऐकायलाच तयार नाही.”

शालन चहा घेऊन मान खाली घालून आत गेली. हवा लागावी म्हणून आईने हट्टाने कॉट खिडकीशी लावून घेतली होती. शालन नेहमी अलीकडच्या खुर्चीवर बसायची. आज खुर्चीवर यशोवर्धनची बॅग होती, म्हणून ती पलीकडे, आईच्या उशीपाशी टेकली. आईला बशी देण्यासाठी वाकली आणि तिची नजर अर्ध्या पडद्याखालून बाहेर गेली.

खाली समोरच बसस्टॉप होता. दिवे लागलेली एक बस उभी होती. ड्रायव्हर, कंडक्टर, मागे पेंगणारा एक म्हातारा. बाकी सगळ्या सीटा रिकाम्या. आणि स्टॉपमागे ते झाड. झाडाखाली एक गाडी मावेल एवढी जागा, हात लांब केला तर लागेल इतकी स्वच्छ दिसत होती.

 आईने तिच्या हातातली बशी घेतली.

खालची रिकामी बस हलली. आईने तिच्याकडे शांतपणे बघितलं, बशीत फुंकर घातली आणि बाहेर यशोवर्धनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

“मी रोज बघते ना इथून. बसला फार गर्दी असते. तू आपली गाडीनेच येत जा, शालू.”